डी ड्राईव्ह निवडला तरी फोटो सी मध्येच का जातात

भाऊ, तुमचा प्रश्न नीट वाचला. पारोळ्याला फोटो आणि ऑनलाइन फॉर्मचं नवीन दुकान टाकलंय, कॉम्प्युटरचा सी ड्राईव्ह भरून लाल झालाय, डी जवळजवळ रिकामा आहे, म्हणून तुम्ही विंडोजच्या सेटिंगमध्ये जाऊन नवीन फोटो डी वर सेव्ह व्हावेत असं निवडलं, तरी गिऱ्हाइकाचे फोटो सी मध्येच पडतायत आणि काही तर सापडतच नाहीत. वरतून कोणीतरी तुम्हाला पूर्ण फॉरमॅट मारायला सांगितलंय. फॉरमॅट अजिबात मारू नका, त्याची काही गरज नाही. मी भुसावळला २० वर्षांपासून कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करतो, त्यातले अर्धे गिऱ्हाईक स्टुडिओवाले, फ्लेक्सवाले आणि फॉर्म भरणारे, त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे आठवड्याला एकदा तरी येतोच.

पहिले हे समजून घ्या की कॉम्प्युटरमध्ये फोटोंचं म्हणून एकच डिफॉल्ट फोल्डर, म्हणजे न सांगता आपोआप सेव्ह व्हायची जागा, नसतं. आपल्याला वाटतं एका ठिकाणी बदललं की सगळीकडे बदललं, पण तसं होत नाही. क्रोमचं स्वतःचं वेगळं ठिकाण, स्कॅनरचं वेगळं, स्क्रीनशॉटचं वेगळं, आणि फोटोशॉप, कोरल ही डिझाइनची सॉफ्टवेअर बहुतेक वेळा मागच्या वेळी जिथे सेव्ह केलं किंवा जिथून फाइल उघडली तेच फोल्डर पुढे करतात. तुम्ही जे बदललं ना, स्टोरेजमधलं नवीन फोटो आणि व्हिडिओ कुठे जायचे ते, ते विंडोजच्या स्वतःच्या कॅमेऱ्यासारख्या ॲपसाठी असतं. त्याने डी वर तुमच्या नावाचं एक फोल्डर तयार झालं असेल, त्यात पिक्चर्स पण असेल, उघडून बघा, बहुतेक रिकामंच निघेल. क्रोम त्या सेटिंगला विचारतच नाही. म्हणजे तुमचं चुकलं काहीच नाही, फक्त ज्या दारातून फोटो येत नाहीत त्या दाराला पाटी लावली.

म्हणून मी दुकानात गेलो की सेटिंग उघडायच्या आधी मालकाला विचारतो, दादा तुमच्याकडे फोटो येतो कुठून? तुमच्यासारख्या दुकानात बहुतेक चार वाटा असतात. व्हॉट्सॲपवरून येतो, कॅमेऱ्याच्या कार्डातून येतो, स्कॅनरमधून येतो, आणि तुम्ही स्वतः फोटोशॉपमध्ये करून सेव्ह करता. या चार वाटा एकेक करून डी वर वळवायच्या, एवढंच काम आहे.

आता काही गोष्टी तुमच्या मशीनवर अवलंबून आहेत, त्या मला इथून दिसत नाहीत. विंडोज १० आहे की ११, वनड्राईव्ह (मायक्रोसॉफ्टची इंटरनेटवर फाइली ठेवायची सोय) चालू आहे का, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे डी ही वेगळी हार्डडिस्क आहे की त्याच एका डिस्कचे दोन भाग केलेत. हे बघायला स्टार्टवर राइट क्लिक करून डिस्क मॅनेजमेंट उघडा. सी आणि डी एकाच ओळीत दिसले, म्हणजे डिस्क शून्याच्याच समोर दोघं, तर ती एकच डिस्क आहे. सी ची जागा मोकळी होईल, कामही होईल, पण डिस्क खराब झाली तर दोन्ही सोबतच जातील. डी वर टाकलं म्हणजे बॅकअप झाला असं समजणारे फार लोक पाहिलेत मी, आणि त्यांचं नुकसान पाहून जीव तुटतो.

सगळ्यात पहिले व्हॉट्सॲप आणि क्रोम, कारण तुमचे हरवलेले फोटो नव्वद टक्के तिथेच असतील. व्हॉट्सॲप वेब तुम्ही क्रोममध्ये उघडता, म्हणजे तिथला फोटो डाउनलोड केला की तो क्रोमच्या डाउनलोड फोल्डरमध्ये जातो, आणि ते फोल्डर सी मध्ये, यूजर्सच्या आत, तुमच्या नावाच्या आत असतं. क्रोममध्ये कंट्रोल आणि जे दाबा, डाउनलोडची यादी येईल, प्रत्येक फाइलच्या बाजूला फोल्डरमध्ये दाखवायचं बटण आहे, त्याने तुमचे आजवरचे बरेच फोटो सापडतील. मग क्रोमच्या सेटिंगमध्ये डाउनलोड्स उघडा, लोकेशनसमोर चेंज आहे, तिथे डी वरचं फोल्डर द्या. त्याच्या खालीच एक बटण आहे, प्रत्येक फाइल डाउनलोड करायच्या आधी कुठे सेव्ह करायची ते विचारा, असं. ते चालू करायचं की नाही यावर लोकांची मतं वेगळी आहेत पण तुमच्या दुकानासाठी माझं ठाम मत आहे की चालू करा. घरच्या कॉम्प्युटरवर ते डोक्याला ताप होतं, पण फॉर्मच्या दुकानात दिवसाला चाळीस जणांचे फोटो येतात, आणि व्हॉट्सॲपच्या फाइलचं नाव म्हणजे व्हॉट्सॲप इमेज, पुढे तारीख आणि वेळ, त्यावरून हा फोटो तामसवाडीच्या पोराचा की बहादरपूरच्या पोरीचा काय कळणार? विचारणारं बटण चालू असलं की सेव्ह करतानाच गिऱ्हाइकाचं नाव टाकायची सवय लागते. दोन सेकंद जातात पण संध्याकाळचा अर्धा तास वाचतो.

फायरफॉक्स वापरत असाल तर त्याच्या सेटिंगमध्ये जनरलखाली डाउनलोड्स आहे, एजमध्ये पण डाउनलोड्स म्हणूनच आहे, पद्धत सारखीच. फक्त एक लक्षात ठेवा, फायरफॉक्स प्रत्येक वेबसाइटसाठी शेवटचं फोल्डर वेगळं लक्षात ठेवतो, म्हणून एका साइटवरून सेव्ह केलं तर एक फोल्डर उघडतं आणि दुसरीवरून दुसरंच, तेव्हा सेटिंग बिघडली असं समजू नका.

आता विंडोजचं पिक्चर्स फोल्डर. हे हलवायची बरोबर पद्धत अशी. आधी डी वर स्वतः एक फोल्डर बनवा, समजा फोटो नावाचं. मग सी मध्ये यूजर्स, तुमच्या नावाचं फोल्डर, त्यातल्या पिक्चर्सवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, वर लोकेशन नावाचा टॅब, त्यात मूव्ह दाबून डी वरचं फोटो फोल्डर निवडा आणि अप्लाय करा. तो विचारेल, जुन्या जागेवरच्या सगळ्या फाइली नवीन जागी हलवू का.

इथे दोन ठिकाणी माणसं फसतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पहिलं, नवीन जागा म्हणून कधीही नुसता डी ड्राईव्ह निवडू नका, त्याच्या आतलं फोल्डरच निवडा. धरणगावचा एक मुलगा घाईघाईत नुसता डी निवडून होय होय करत गेला होता. झालं काय की विंडोजला आख्खा डी ड्राईव्ह म्हणजेच पिक्चर्स वाटायला लागला. मग त्याने डॉक्युमेंट्सलाही तेच केलं, दोन्ही एकाच जागी, आणि परत आणायला रिस्टोअर डिफॉल्ट दाबलं तर एकदा एरर आणि एकदा डी वरचं सगळंच, टॅलीच्या बॅकअपसकट, सी मध्ये हलवायला निघाला. सी मध्ये जागा नव्हती म्हणून मधेच थांबलं. माझ्याकडे मशीन घेऊन आला तेव्हा अर्ध्या फाइली इकडे, अर्ध्या तिकडे. शेवटी रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोज स्वतःच्या सेटिंग जिथे साठवतो तिथे जाऊन, यूजर शेल फोल्डर्स नावाची जी जागा आहे तिथे माय पिक्चर्ससमोरचा पत्ता हाताने लिहिला, मशीन रिस्टार्ट केलं, मग एकेक फाइल जुळवत बसलो. दीड दिवस गेला. हे तुम्ही स्वतः करायला जाऊ नका, रजिस्ट्रीत एक अक्षर चुकलं तर दुसरंच काही बिघडतं, त्यापेक्षा आतलं फोल्डर निवडायची काळजी घेतली तर तिथपर्यंत जायची वेळच येत नाही.

दुसरं, तो जो प्रश्न विचारतो, फाइली हलवू का, तिथे बहुतेक सगळे होय म्हणतात. थोडे फोटो असतील तर होय म्हणा. पण ८०-१०० जीबी असतील तर मी नाही म्हणतो. कारण एका ड्राईव्हवरून दुसऱ्यावर हलवणं म्हणजे आधी कॉपी आणि मग जुनं पुसणं, आणि आपल्याकडे लाइट कधी जाईल याचा भरोसा नाही, इन्व्हर्टर असला तरी त्याची बॅटरी किती जुनी आहे ते तुम्हालाच माहीत. मधेच बंद पडलं तर काय गेलं काय राहिलं ते शोधत बसावं लागतं. म्हणून नाही दाबा, नवीन फोटो डी वर जायला लागतील, जुने सी वरच्या त्याच फोल्डरमध्ये जसेच्या तसे राहतील. मग निवांत वेळी ते स्वतः कॉपी करा, कट नाही. कॉपी झाली की दोन्ही फोल्डरच्या प्रॉपर्टीज उघडून किती फाइली आणि किती साइज ते आकडे शेजारी शेजारी जुळवा. दहा-वीस फोटो उघडून बघा. आठ दिवस काम करा, काही कमी नाही अशी खात्री झाली की मग सी वरचे पुसा. सी लाल आहे म्हणून आजच्या आज पुसायची घाई करू नका, जागा लगेच पाहिजे असेल तर आधी रिसायकल बिन आणि डाउनलोडमधले जुने सेटअप साफ करा.

स्क्रीनशॉट पण पिक्चर्सच्या आतच जातात, म्हणजे विंडोजचं बटण आणि प्रिंट स्क्रीन दाबून काढलेले, पिक्चर्स हलवलं की ते आपोआप सोबत येतात. तरी एक स्क्रीनशॉट काढून बघा, जुन्याच जागी पडला तर स्क्रीनशॉट्स नावाच्या फोल्डरलाही स्वतःचा लोकेशन टॅब आहे, तो वेगळा हलवा.

वनड्राईव्हचं नीट बघा भाऊ. नवीन मशीन घेतलं आणि मायक्रोसॉफ्टच्या खात्याने चालू केलं की बऱ्याचदा वनड्राईव्ह पिक्चर्स, डॉक्युमेंट्स आणि डेस्कटॉप स्वतःच्या फोल्डरमध्ये घेऊन टाकतो. ओळखायचं कसं, तर पिक्चर्सच्या पत्त्यामध्ये मधेच वनड्राईव्ह लिहिलेलं दिसतं. फुकट जागा ५ जीबीच मिळते, स्टुडिओवाल्याची ती एका हळदीतच भरते, मग रोज मेसेज येत राहतात की जागा संपली. असं असेल तर लोकेशन बदलायला गेलं की तो बदलू देत नाही किंवा एरर देतो. आधी वनड्राईव्हच्या सेटिंगमध्ये सिंक आणि बॅकअपमध्ये जाऊन बॅकअप मॅनेज करा, तिथे पिक्चर्स बंद करा, मग वरची पद्धत. बंद केल्यावर पिक्चर्स एकदम रिकामं दिसलं तर घाबरू नका, फोटो वनड्राईव्हच्या फोल्डरमध्ये असतात, तिथून कॉपी करून आणा. पण वनड्राईव्हमधून डिलीट करताना विचार करा, इथून पुसलं की इंटरनेटवरचंही पुसलं जातं.

स्कॅनरचं सोपं आहे. विंडोजचं जे साधं स्कॅन ॲप आहे ते पिक्चर्सच्या आत स्कॅन्स नावाच्या फोल्डरमध्ये टाकतं, आणि जुनं फॅक्स आणि स्कॅन वापरत असाल तर ते डॉक्युमेंट्समध्ये टाकतं, म्हणून तर लोकांना सापडत नाही, फोटो समजून पिक्चर्समध्ये शोधतात. प्रिंटर कंपनीचं सॉफ्टवेअर असेल तर त्याच्या सेटिंगमध्ये सेव्ह करायची जागा वेगळी असते, एकदा बदलून टाका.

कार्डाचं मात्र सोपं नाही, आणि तुम्ही आता लग्नांच्या ऑर्डर घेताय असं लिहिलंय म्हणून हे मन लावून वाचा. कॅमेरा कार्डावर डीसीआयएम नावाचं फोल्डर करतो, त्यात फोटोंना आयएमजी असं काहीतरी नाव आणि पुढे चार आकडी नंबर. चारच आकडे, म्हणजे ९९९९ नंतर परत ०००१. आणि दोन कॅमेरे सारख्या कंपनीचे असतील तर दोघांचेही नाव सारखे येऊ शकतात. आता तुम्ही डिफॉल्ट फोल्डर म्हणून सगळी कार्डं एकाच जागी ओतायला लागलात तर कधीतरी एकाच नावाच्या दोन फाइली समोरासमोर येणारच. विंडोज विचारतो, रिप्लेस करू का. लग्नाच्या सीझनमध्ये रात्री अकरा वाजता कामाला ठेवलेला पोरगा झोपेत रिप्लेस दाबून मोकळा होतो.

हे माझ्या एका गिऱ्हाइकाकडे घडलंय. यावल बाजूचं लग्न, दोन कॅमेरे, हळदीच्या दिवसाचं एक कार्ड आधी उतरवलेलं, दुसऱ्या दिवशीचं कार्ड त्याच फोल्डरमध्ये ओतलं आणि रिप्लेस झालं. हळदीचं कार्ड तोवर फॉरमॅट होऊन त्यावर वरातीचे फोटो काढून झाले होते. रिकव्हरी सॉफ्टवेअर लावलं, थोडे आले, बरेच अर्धे कापलेले आले, वरच्या भागात माणसं आणि खाली नुसता करडा पट्टा. एका फोटोत नवरीची आजी तिला हळद लावत होती, आजीचा हात दिसतो, तोंड नाही. आजी त्याच वर्षी दिवाळीत गेली. नवरीचा बाप दुकानात येऊन एवढंच म्हणाला, भाऊ, मना मायना फोटू कथा ग्यात? म्हणजे माझ्या आईचे फोटो कुठे गेले? त्याला काय उत्तर देणार. तेव्हापासून मी कोणत्याही स्टुडिओवाल्याचं मशीन सेट करताना हे सांगितल्याशिवाय उठत नाही.

म्हणून कार्डासाठी डिफॉल्ट फोल्डर ठेवूच नका. प्रत्येक कामाचं वेगळं फोल्डर, नावात पहिले वर्ष मग महिना मग तारीख, मग गाव, मग काम, म्हणजे २०२५-११-२३ पारोळा हळद, असं. वर्ष पुढे असलं की यादी आपोआप तारखेच्या क्रमाने लागते. त्याच्या आत कॅमेरा एक, कॅमेरा दोन अशी वेगळी फोल्डरं. कार्डावरून कट करायचं नाही, कॉपी करायचं. कॉपी झाली, संख्या जुळली, दुसऱ्या वेगळ्या डिस्कवर पण गेली, मगच कार्ड फॉरमॅट, तेही कॅमेऱ्यात, कॉम्प्युटरवर नाही. कॅमेऱ्याच्या मेनूत फाइल नंबरिंग म्हणून असतं, ते कंटिन्युअस ठेवा, नाहीतर प्रत्येक नवीन कार्डाला ०००१ पासून सुरुवात होते आणि धोका वाढतो.

फोटोशॉपमध्ये प्रेफरन्सेसमध्ये फाइल हँडलिंगखाली सेव्ह ॲज मूळ फोल्डरमध्येच करायचं असा एक टिक आहे. तो चालू ठेवा, म्हणजे ज्या गिऱ्हाइकाच्या फोल्डरमधून फोटो उघडला, तयार फोटोही तिथेच जातो. पासपोर्टच्या कामात हे फार उपयोगी पडतं. बँक भरतीच्या फॉर्मला फोटो २० ते ५० केबी आणि सही १० ते २० केबी लागते, म्हणजे एकाच माणसाच्या मूळ फोटो, कापलेला फोटो, छोटा केलेला फोटो आणि सही अशा चार फाइली होतात, त्या चारही एकत्र राहिल्या पाहिजेत. आणि गिऱ्हाइकाला सांगा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठव, नाहीतर व्हॉट्सॲप तो दाबून पाठवतो आणि मोठी प्रिंट काढली की चेहरा पुसट येतो.

एक सावधगिरी, पेजमेकर, कोरल किंवा अल्बमच्या सॉफ्टवेअरमध्ये जी कामं अर्धवट आहेत त्यांचे फोटो आता हलवू नका. त्या फाइलीत बऱ्याचदा फोटो नसतो, फक्त फोटोचा पत्ता असतो. पत्ता बदलला की सॉफ्टवेअर फोटो सापडत नाही म्हणतं, मग एकेक परत जोडावा लागतो. चालू कामं पूर्ण करून गिऱ्हाइकाला द्या, मग हलवा.

डी म्हणून बाहेरची यूएसबी डिस्क लावलेली असेल तर पिक्चर्सची जागा तिच्यावर नेऊ नका. तिचं अक्षर आज डी, उद्या पेन ड्राईव्ह आधी लावला तर ई होऊ शकतं, मग विंडोज म्हणतो जागाच उपलब्ध नाही. अक्षर डिस्क मॅनेजमेंटमधून पक्कं करता येतं पण केबल हलली तरी तोच प्रकार. बाहेरची डिस्क बॅकअपला वापरा, आठवड्याला एकदा लावा, कॉपी करा, काढून घरी न्या. आणि मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो, पत्र्याच्या दुकानात ती डिस्क रात्रंदिवस टेबलावर ठेवू नका.

अजून एक गोष्ट, सेटिंगची नाही पण मला ती सेटिंगपेक्षा मोठी वाटते. तुमच्याकडे लोक आधार, पॅन, बँकेचं पासबुक, सही, सगळं देतात, केळीच्या विम्यासाठी शेतकरी सातबारा आणि शेताचे फोटो देतो. हे सगळं डाउनलोडमध्ये पडून राहतं आणि पुढचा गिऱ्हाईक त्याच स्क्रीनसमोर बसलेला असतो. म्हणून डी वर फॉर्मचं फोल्डर वेगळं आणि स्टुडिओचं वेगळं ठेवा. फॉर्मच्या फोल्डरात रोजच्या तारखेचं फोल्डर करा, काम झालं, पावती निघाली की गिऱ्हाइकाला विचारून त्याची कागदं पुसा आणि रिसायकल बिनही रिकामा करा. लग्नाचे फोटो जपायचे आणि आधारची कॉपी पुसायची, दोन्ही एका फोल्डरात असलं की नेमकं उलटं होतं.

हे सगळं बदलून झालं की लगेच कामाला लागू नका, एक चाचणी घ्या. दुकानातल्या एखाद्या वस्तूचा, समजा कॅलेंडरचा फोटो व्हॉट्सॲपवरून आणा, तोच कार्डातून आणा, स्कॅनरवर एक कागद स्कॅन करा, एक स्क्रीनशॉट काढा, एक फोटोशॉपमधून सेव्ह करा. मग डी उघडून पाचही फाइली तुम्हाला पाहिजे त्या जागी पडल्या का बघा, जी नाही पडली तिचीच वाट राहिली. कॉम्प्युटरवर दुसऱ्या नावाचं लॉगिन असेल, म्हणजे कामाच्या पोराचं वेगळं, तर त्याच्यातही परत करावं लागेल, हे बदल ज्याच्या लॉगिनमध्ये केले त्याच्यापुरतेच असतात.

लोकेशन टॅब दिसलाच नाही किंवा मूव्ह केल्यावर एरर आली तर तिथेच थांबा, काही दाबू नका, त्या विंडोचा मोबाईलवर फोटो काढून इथे टाका. फक्त मागे कोणाचा आधार उघडा नाही ना तेवढं बघून टाका.